भावना शिकवणारी कार्टून्स मुलांना दाखवायची कशी? दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या आईबाबांसाठी

राग, भीती, रुसवा, मत्सर, वाट पाहणं हे सगळं शिकवणारे कार्यक्रम मुलांना दाखवावेत का, या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हणून भागत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन ते सहा वर्षांची १२७ मुलं घेतली. काहींना दोन आठवड्यांत 'डॅनियल टायगर्स नेबरहूड' या कार्टूनचे दहा भाग दाखवले, बाकीच्यांना निसर्गावरचा माहितीपट. डॅनियल पाहिलेल्या मुलांना दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते जास्त कळायला लागलं, चेहऱ्यावरून भावना ओळखता यायला लागल्या. पण सगळ्यांना नाही. ज्या घरांत टीव्हीवर पाहिलेल्या गोष्टींबद्दल आईबाबा मुलांशी एरवीही बोलायचे, त्याच घरांतल्या मुलांमध्ये हा फरक दिसला. बाकीच्यांनी तेच दहा भाग पाहिले आणि जैसे थे राहिली.

त्यामुळे 'कुठलं कार्टून चांगलं?' एवढंच विचारणाऱ्यांना माझं सांगणं असतं की यादी सोपी आहे, ती मिळेल. मुख्य काम कार्टूनच्या आधी आणि नंतर आहे. ते कसं करायचं, ते क्रमाने बघू.

पायरी १ : किती वेळ, केव्हा

हे पटकन उरकू. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको. लांबच्या आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादाही साधारण हीच आहे. दीड-दोन वर्षांचं मूल समोरच्या माणसाकडून जे शिकतं ते पडद्यावरून तितकं शिकत नाही, म्हणून भावनांचे धडे तिसऱ्या वर्षाच्या आसपास सुरू केले तरी काही बिघडत नाही.

अशा कार्टूनमधली एक गोष्ट सात ते अकरा मिनिटांची असते. एक गोष्ट आणि नंतरच्या गप्पा, असं वीस मिनिटांत आटोपतं. आठवड्यातून तीनदा पुरे. जेवताना मात्र नको. घास भरवण्यासाठी लावलेल्या मोबाईलवर कितीही चांगला कार्यक्रम असू दे, मुलाचं तोंड आपोआप उघडतं आणि तुमचं लक्ष वाटीकडे असतं. बोलणं होत नाही, म्हणजे ज्याचा उपयोग होतो तेच राहून जातं.

मोबाईलपेक्षा टीव्ही बरा, कारण तो दोघांना दिसतो. यूट्यूब वापरत असाल तर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करा. हे एक बटण विसरलं की डॅनियलच्या मागोमाग खेळण्यांची खोकी उघडणारा कुणीतरी येतो आणि सगळं मुसळ केरात.

पायरी २ : निवड

मूल झोपल्यावर एक अख्खा भाग तुम्ही एकट्याने बघा. जाहिरातीत 'शैक्षणिक' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. बघताना स्वतःला विचारा: या भागात अडचण एकच आहे की चार? पात्राला राग येतो तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो का? भांडण किती मिनिटं चालतं आणि समेट किती? मोठी माणसं ओरडून गप्प करतात की जवळ बसतात? आणि शेवटी पात्र जे करतं, ते आपलं मूल उद्या घरात करू शकेल का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. 'खोल श्वास घे आणि चारपर्यंत मोज' हे मूल करू शकतं. 'जादूची कांडी फिरली आणि सगळे मित्र झाले' हे करू शकत नाही. छोटा भीम लाडू खातो, ताकद येते, मग शत्रू हवेत उडतो. मुलांना मजा येते, येऊ दे. पण ते भावना शिकवण्याच्या खात्यावर मांडू नका.

वेगही बघा. २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, भराभर दृश्यं बदलणारं 'स्पंजबॉब' फक्त नऊ मिनिटं पाहिल्यानंतर मुलांचं स्वतःवरचं नियंत्रण चित्रं काढत बसलेल्या मुलांपेक्षा कमी पडलं. प्रयोग लहान होता आणि परिणाम लगेचचा मोजला होता, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. पण झोपायच्या आधी किंवा पाहुणे यायच्या आधी असलं काही लावू नये, एवढं शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता नावं. 'डॅनियल टायगर' २०१२ पासून अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर आहे. प्रत्येक भागात अकरा-अकरा मिनिटांच्या दोन गोष्टी असतात आणि दोन्हींत भावना एकच, त्यावरचा उपायही एकच. म्हणजे एकच युक्ती मूल दोन वेगळ्या प्रसंगांत बघतं. शिवाय ती युक्ती एका ओळीच्या गाण्यात बांधलेली असते. तीन-चार वर्षांसाठी याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. मोठ्यांना कंटाळा येईल, तो सहन करायचा.

'ब्लूई' ऑस्ट्रेलियातलं, ब्रिस्बेनमध्ये तयार होणारं. २०१८ मध्ये सुरू झालं. सात-सात मिनिटांचे भाग, कुत्र्यांचं चौकोनी कुटुंब. इथे धडा सांगत नाहीत, तो खेळातून निसटता दिसतो. त्यामुळे पाचच्या पुढच्या मुलांना जास्त पोचतं, आणि लहानग्यांना तुम्हाला मध्ये बोलून जोड द्यावी लागते. (यातला बाप दिवसभर मुलींशी खेळत असतो. ते बघून आपल्या घरातल्या बाबांनी अपराधी वाटून घेऊ नये. त्याला ऑफिसला जाताना फारसं कोणी पाहिलेलं नाही.)

'सेसमी स्ट्रीट' १९६९ पासूनचं. त्याचं भारतीय भावंड 'गली गली सिम सिम' २००६ मध्ये हिंदीत आलं. शाळेच्या गणवेशातली चमकी, सिंह बूमबा ही त्यातली मंडळी. आपल्याकडची माणसं, आपल्याकडचे रस्ते आणि डबे त्यात दिसतात, म्हणून गावाकडच्या मुलांनाही ते परकं वाटत नाही.

मराठीत पुण्याच्या बालचित्रवाणीने १९८४ पासून मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम केले. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' आली, पण तिचा रोख पहिली ते आठवीच्या अभ्यासावर होता. त्यामुळे बालवाडीच्या वयाला बहुतेक घरांत हिंदी किंवा इंग्रजी कार्यक्रमच लागतात. त्यावरचा उपाय चौथ्या पायरीत आहे.

पायरी ३ : आधी नुसतं बघा, मग थांबवत बघा

पहिल्या वेळी मध्ये बोलू नका. मुलाला गोष्ट कळू दे. शेजारी बसा, मोबाईल उलटा ठेवा, बस्स.

दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा लावा. मूल कंटाळत नाही, उलट खूश होतं. 'ब्लूज क्लूज' हे कार्टून १९९६ मध्ये सुरू झालं तेव्हा वाहिनी एकच भाग सलग पाच दिवस दाखवायची. लहान मुलांना पुनरावृत्तीतून जास्त उमगतं, हे कार्यक्रम करणाऱ्यांनी मुलांसोबत बसून तपासलेलं होतं. डॅनियल टायगर करणाऱ्या अँजेला सँटोमेरो याच कार्टूनच्या निर्मात्यांपैकी एक.

दुसऱ्या वेळी रिमोट हातात घ्या आणि भांडण सुटायच्या *आधी* थांबवा. हे का, ते सांगतो. २००८ मध्ये मरी-लुईस मारेस आणि एमिली अकोस्टा या संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांना 'क्लिफर्ड' या कार्टूनचा एक भाग दाखवला. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो, बाकीचे आधी त्याला बिचकतात, मग मैत्री होते. मोठ्यांना धडा स्वच्छ दिसतो: वेगळ्या दिसणाऱ्यांशी नीट वागावं. मुलांना काय कळलं? बऱ्याच जणांना वाटलं की गोष्ट तीन पायांच्या कुत्र्याबद्दल आहे, त्यातून माणसांबद्दल काही शिकायचं आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कार्यक्रमाचा बराच वेळ बिचकण्यात जातो आणि समेट शेवटी भर्रकन उरकतो, तेव्हा मुलाच्या लक्षात बिचकणंच राहणार. २००६ च्या आणखी एका अभ्यासात, 'शैक्षणिक' कार्यक्रम जास्त पाहणारी काही बालवाडीतली मुलं पुढे 'तुला खेळायला घेणार नाही' छापाचं वागणं जास्त करताना आढळली होती. तिथेही संशोधकांचा संशय याच गोष्टीवर होता: गोष्टीतलं भांडण लांबलचक, माफी दोन वाक्यांची.

म्हणून थांबवायचं. थांबवून परीक्षा घ्यायची नाही. 'सांग बरं, याला काय म्हणतात?' असं विचारलं की मूल उत्तर शोधायला लागतं आणि गोष्ट सुटते. त्याऐवजी स्वतःच मोठ्याने विचार करा. साधारण असं:

'अगं, थांब थांब. डॅनियलच्या भुवया बघ कशा झाल्यात. मुठी पण आवळल्या.'
'तो रागावलाय.'
'हो ना. का गं रागावला असेल?'
'त्याला बीचवर जायचं होतं ना. आणि पाऊस आला.'
'अच्छा. मग आता तो काय करेल?'
'ओरडेल.'
'ओरडू शकतो. अजून काय करता येईल?'
(गप्प.)
'चल, बघू या.'

हे एवढंच. 'अजून काय करता येईल' याचं उत्तर मुलाने द्यायलाच हवं असं नाही. प्रश्न त्याच्या डोक्यात घालून पुढे जायचं. एका भागात दोनदा थांबवलं तरी पुष्कळ. पाचदा थांबवलंत तर मूल तुमच्या हातातून रिमोट काढून घेईल, आणि ते बरोबर असेल.

थांबवताना चेहरा आणि अंग यांच्याकडे बोट दाखवा. मुलांना राग आधी अंगात कळतो: कान तापतात, दात आवळले जातात, पाय आपटावेसे वाटतात. भीतीत पोटात गोळा येतो. आणि शब्द नेमके वापरा. 'वाईट वाटलं' या एका डब्यात आपण सगळं कोंबतो. डॅनियल चिडलाय, रुसलाय, हिरमुसलाय, की ओशाळलाय? एका भागात एक शब्द, आणि तोच शब्द दिवसभरात एकदा घरात वापरायचा: 'दादाला सहलीला जाता आलं नाही, हिरमुसलाय बघ तो.'

परदेशातल्या मराठी घरांना हे विशेष सांगतो. मूल कार्टून इंग्रजीत बघणार, शाळेत इंग्रजीत रुसणार. पण नागपूरच्या आजीशी बोलताना त्याला 'मला राग आलाय' म्हणता आलं पाहिजे. थांबवून जे बोलायचं ते मराठीत बोला. गोष्ट इंग्रजी, गप्पा मराठी. मुलांना यात काहीही अवघड जात नाही.

पायरी ४ : गाणं आपल्या भाषेत आणा

डॅनियलची युक्ती गाण्यात असते, कारण रागाच्या भरात मुलाला वाक्य आठवत नाही, चाल आठवते. इंग्रजी गाणं जसंच्या तसं पाठ करून उपयोग होतो, पण घरात सगळ्यांना म्हणता येत नाही. आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी, बालवाडीच्या ताई, सगळ्यांच्या तोंडी बसेल असं हवं. मुलाला आधीच येत असलेल्या बडबडगीताची चाल घ्या. 'ये रे ये रे पावसा' घराघरांत येतं:

जा रे जा रे रागोबा,
श्वास घेतो मोठ्ठा,
एक दोन तीन चार,
राग झाला छोटा!

'श्वास घेतो' म्हणताना खरोखर घ्यायचा, पोट फुगेपर्यंत. आकडे सावकाश, बोटांवर. बालवाडीत सोडताना रडणाऱ्यांसाठी डॅनियलकडे 'मोठी माणसं परत येतात' अशा अर्थाची ओळ आहे. आपल्याकडे:

आई जाते, आई येते,
डबा खाल्ला की घरी नेते.

मात्र डबा खाल्ल्यावर खरंच घरी न्यायला या. शाळा डब्यानंतर तासाभराने सुटत असेल तर ओळ बदला: 'गोष्ट संपली की घरी नेते'. घड्याळ मुलाला कळत नाही, प्रसंग कळतो. आणि गाण्यातला प्रसंग खोटा ठरला की दुसऱ्या दिवशी गाण्यावरचा विश्वास उडाला. शी-शू शिकणाऱ्यांसाठी 'शू आली की थांबायचं, खेळ सोडून धावायचं' एवढं पुरतं.

गाणं मूल आनंदात असताना शिकवायचं. खोटाखोटा राग काढून खेळा: बाबांनी नाटकीपणे चिडायचं, पाय आपटायचे, मुलाने त्यांना गाणं म्हणून शांत करायचं. मुलाला बाबांचा राग घालवायला फार आवडतं.

पायरी ५ : खरा राग येतो तेव्हा

दुकानात जमिनीवर लोळण घेतलेल्या मुलाला डॅनियलचा व्हिडिओ दाखवू नका. दोन कारणं आहेत. भोकाड पसरलेल्या मुलाला त्या क्षणी काही शिकता येत नाही. आणि मोबाईल मिळतो हे त्याला बरोबर शिकता येतं.

त्या वेळी क्रम असा: खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला या. मारत असेल तर हात धरा, 'मारू देणार नाही' एवढंच म्हणा. मग भावनेचं नाव: 'तुला ती गाडी हवी होती. खूप राग आलाय.' मग गप्प. गाणं म्हणायचंच असेल तर तुम्ही स्वतःसाठी म्हणा, हळू. मुलाला 'म्हण, म्हण, गाणं म्हण' असं दटावलंत तर पुढे त्या गाण्याचाच राग येईल. पहिल्या पंधरवड्यात गाण्याने काही होणार नाही, हे धरून चला. एक दिवस मूल चिडून 'जा रे रागोबा' असं ओरडेल, तोही प्रगतीचाच भाग.

संध्याकाळी, सगळं निवळल्यावर, दोन वाक्यांत आठवण काढा: 'दुकानात तुला डॅनियलसारखा राग आला होता ना?' यातून कार्टूनमधला राग आणि आपला राग एकच आहे हे जुळतं. लांबण लावू नका.

आणि एक. 'मुलीसारखा काय रडतोस' हे वाक्य घरातून जायला हवं, नाहीतर बाकीचं सगळं वाया. डॅनियलचा मूळ अवतार फ्रेड रॉजर्स यांच्या मुलांसाठीच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमातला: घड्याळात राहणारा, लाजराबुजरा वाघ. वाघ आणि भित्रा! १९६८ ते २००१ इतकी वर्षं तो कार्यक्रम चालला. १ मे १९६९ रोजी रॉजर्स अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर गेले, सार्वजनिक टीव्हीच्या निधीसाठी. भावना बोलून दाखवता आल्या की आवरताही येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि तिथे खासदारांसमोर त्यांनी रागाचं काय करायचं याबद्दलच्या आपल्या गाण्याचे शब्द म्हणून दाखवले. अध्यक्षस्थानी असलेले कडक समजले जाणारे सिनेटर पास्टोर विरघळले आणि दोन कोटी डॉलरची बाजू तिथेच जिंकली गेली.

पायरी ६ : मोठं होतानाचे प्रसंग

मूल मोठं होताना ठरावीक गाठी येतात: बालवाडीचा पहिला दिवस, इंजेक्शन, धाकटं भावंड, घर बदलणं, घरातला मृत्यू. यातल्या जवळपास प्रत्येकावर डॅनियलचा भाग आहे. डॅनियलला धाकटी बहीण होते, तो डॉक्टरांकडे जातो, त्याचा मासाही मरतो. भाग प्रसंगाच्या चार-पाच दिवस आधी दाखवा, आदल्या रात्री नको. आणि प्रसंग येणारच नसेल तर उगाच दाखवू नका.

हे शेवटचं मी ठासून सांगतो, कारण यात तज्ज्ञही चुकलेत. १९९२ मध्ये सेसमी स्ट्रीटने घटस्फोटावर एक भाग तयार केला. त्यातल्या स्नफी या पात्राचे आईवडील वेगळे होतात. प्रसारणाआधी तो मुलांच्या गटांना दाखवला. मुलं गोंधळली, काही रडली. आईबाबा भांडले म्हणजे ते वेगळे होणार, असा अर्थ काहींनी काढला. बाबांचं स्नफीवर अजून प्रेम आहे, हा मुख्य मुद्दा पोचलाच नाही. तो भाग कधीच दाखवला गेला नाही. इतका पैसा आणि मेहनत ओतून तयार केलेलं त्यांनी मागे घेतलं. तेव्हा तुम्हीही एखादा भाग मुलाला नीट पोचत नसेल तर मध्येच बंद करायला संकोचू नका. पोचला का ते कळायचा मार्ग: दुसऱ्या दिवशी मुलाला ती गोष्ट बाहुल्यांना सांगायला लावा आणि कान देऊन ऐका.

इंजेक्शन. भाग दाखवण्याआधी घरातली 'गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील' ही धमकी बंद करा. मग खेळण्यातल्या भांड्यांनी, पेनाने, बाहुलीला टोचून खेळा. 'दुखणार नाही' म्हणू नका, दुखतं. 'टुचकन दुखेल, मग थांबेल' म्हणा.

न सांगितलेल्या भीती. रॉजर्सना मुलांकडून कळलं होतं की आंघोळीच्या पाण्याबरोबर आपणही भोकातून वाहून जाऊ, अशी भीती बऱ्याच मुलांना असते. त्यांनी त्यावर चक्क गाणं केलं. आपल्याकडे मोरीची जाळी, मिक्सरचा आवाज, फ्लश. हसू नका. मुलाला जाळीजवळ नेऊन दाखवा: 'बघ, तुझं बोटसुद्धा जात नाही.'

मृत्यू. इथे थोडं थांबू, कारण इथे आपण सगळे अडखळतो. सेसमी स्ट्रीटवर दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये गेले. 'मिस्टर हूपर दुसऱ्या गावी राहायला गेले' असं सांगता आलं असतं, दुसरा नट आणता आला असता. त्यांनी खरं सांगायचं ठरवलं. भाग २४ नोव्हेंबर १९८३ ला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी दाखवला, कारण त्या दिवशी आईबाबा घरी असतात आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देऊ शकतात.

त्यात बिग बर्ड हा भलामोठा पिवळा पक्षी सगळ्यांची चित्रं काढून आणतो, हूपरचंही. ते द्यायला निघतो. मोठी माणसं त्याला सांगतात की ते वारलेत. तो म्हणतो, मग परत आले की देतो. मग त्याला समजावतात की मेलेलं माणूस परत येत नाही. तो चिडतो, असं का म्हणून विचारतो. मोठ्यांकडे कारण नसतं आणि ते तसं कबूल करतात. म्हातारपण, आजार, हॉस्पिटल यांचा उल्लेख मुद्दाम टाळला होता. नाहीतर ताप आलेल्या मुलाला वाटेल आता आपली पाळी, आणि पिकल्या केसांचे आजोबा दिसले की धडकी भरेल.

आपल्याकडे 'आजोबा झोपलेत', 'देवाघरी गेले', 'तारा झाले' म्हणतात. 'झोपलेत' अजिबात नको. त्या रात्री मूल झोपायला घाबरेल. 'देवाघरी' म्हणायचं असेल तर म्हणा, पण आधी हे सांगून: 'आजोबांचं शरीर काम करायचं थांबलं. ते आता श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, आणि ते परत येणार नाहीत.' नाहीतर 'देवाघर कुठे आहे, रिक्षाने जाऊ या' हा प्रश्न ठरलेला, आणि त्यावर मोठ्यांनी तोंड फिरवलं की मुलाला कळतं की हे विचारायचं नसतं. मूल तेच पंधरा वेळा विचारेल. तेच उत्तर, त्याच शब्दांत. नंतर ते मेल्याचा खेळही खेळेल, दचकू नका. ब्लूईच्या एका भागात जखमी पक्षी डॉक्टरांकडे नेऊनही मरतो, आणि घरी आल्यावर ब्लूई तोच प्रसंग खेळात मांडते. तो भाग घरात मृत्यू झाला असेल तर लगेच लावू नका, काही आठवडे जाऊ देत. एखादा मेलेला भुंगा किंवा मुंगी सापडल्यावर त्यावर बोलणं त्याहून सोपं जातं.

पायरी ७ : घरातले बाकीचे, आणि बंद करताना

संध्याकाळी सात ते नऊ घरात मालिका चालतात. एक कानाखाली तीन कोनांतून तीनदा दाखवतात, मागे ढोल. मांडीवर बसलेलं मूल तेही भावनांचं शिक्षण म्हणूनच घेतं. आजींना 'बंद करा' म्हणून महाभारत घडवण्यापेक्षा मुलाची आंघोळ किंवा गोष्टीची वेळ तिथे टाका. आणि मूल बघतच असेल तर आजींनाच कामाला लावा: 'आजी, ती का गं रडतेय?' या प्रश्नाला आजीइतकं चांगलं उत्तर कोणी देत नाही. थांबवायचं बटण नसलं तरी जाहिराती असतातच.

बंद करताना रडारड होते, ती कमी करायला: भाग सुरू व्हायच्या *आधी* सांगा, 'एक भाग, मग झाडांना पाणी घालायचं.' संपल्याचं गाणं लागलं की रिमोट मुलाच्या हातात द्या, बंद त्यानेच करायचं. पुढचं काम हाताचं असू दे: पाणी घालणं, शेंगा सोलणं, चटई गुंडाळणं. गप्पा त्या कामात आपोआप होतात. समोरासमोर बसून 'आज काय शिकलास?' विचारलं की उत्तर 'काही नाही'.

कार्यक्रमाच्या पलीकडचं

काही गोष्टी कुठल्याही कार्टूनने सुटणार नाहीत. मूल बोलत होतं ते बोलेनासं झालं. शू सांगायला लागलेलं मूल बराच काळ पुन्हा गादी ओली करतंय. डोकं भिंतीवर आपटतंय. भीतीने झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलंय. किंवा दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नाही, नावाने हाक मारल्यावर बघत नाही. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि तोवर स्क्रीन बंद ठेवा. सरकारी वाटही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतं, आणि पुढच्या उपचारांची गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथली तपासणी मोफत असते. पथकाची तारीख अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवा, आणि त्या दिवशी मुलाबद्दल तुम्हाला काय काय दिसलंय ते कागदावर लिहून न्या; गर्दीत निम्मं सांगायचं राहतं.